पिवळ्याची खुर्ची

चार वाजता टेकडीवरच्या बाई शेवटचं पान बघायला येणार होत्या, आणि पान चुकलेलं होतं. एखादं नव्हे, एकशे वीसच्या एकशे वीस पानं. घरातल्या तिघांना हे मंगळवारपासून ठाऊक होतं आणि आज शुक्रवार उजाडला होता. तिघांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली होती. ज्यांच्या हातून चूक झाली ते आबा मात्र सकाळी स्वच्छ सदरा घालून, काहीबाही गुणगुणत जिना चढून वर गेले, आणि जाताना बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी सुनेच्या चहाला नाव ठेवलं नाही. सूनबाईंना खरी धास्ती वाटली ती त्या चहामुळे.

या घरात रंगाला हात म्हणतात. खाली छापखान्यात आबांचा मुलगा, दादा, आबांनी तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या झाडाच्या बारीक रेषा कागदावर उतरवतो, आणि कागद वर आले की लांब टेबलाभोवती बसून त्यांत रंग भरायचे. एकट्यानं अख्खं झाड रंगवायचं नाही. हिरवा हात सूनबाईंचा. तपकिरी आणि राखाडी हात दादाचा, छपाईतून सवड मिळेल तसा. लाल हात आणि परागांचे ठिपके या दोघांच्या मुलीचे, म्हणून एकोणीस वर्षांची झाली तरी तिला सगळे ठिपकीच म्हणतात. कागद या खुर्चीकडून त्या खुर्चीकडे सरकत जातो आणि शेवटी आबांपाशी थांबतो. आबा तो उलटा करतात, मागच्या बाजूला कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं लिहितात, ‘पाहिलं’. एवढा शब्द पडला की पान पुरं झालं.

पण सगळ्यांत आधी आबा एक नमुना रंगवतात, आणि सगळी गोम तिथे आहे. जिवंत झाड आबांच्या खुर्चीशेजारी, खिडकीपाशी. त्याच्या आणि टेबलाच्या मध्ये छातीइतकी उंच फळी. टेबलावरच्यांनी बघायचा तो नमुना. झाड बघायचं फक्त आबांनी. आता हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात शहाणपण आहे. चौघांनी चार वेळा फूल बघितलं तर चार फुलं होतात, आणि पुस्तकाच्या एकशे वीस प्रतींत एकशे वीस निरनिराळी फुलं निघाली तर बाईंनी तोंड कुठे लपवायचं. गेली तीस वर्षं बाई टेकडीवरच्या बागेत झाडं लावताहेत आणि आबा ती कागदावर आणताहेत. सात खंड असेच निघाले. हा आठवा, शेवटचा, आणि हे त्यातलं शेवटचं पान.

झाडाच्या कुंडीला पाणी घालायचं काम सूनबाईंचं. मंगळवारी सकाळी त्या फळीपलीकडे गेल्या, वाकल्या, आणि फूल त्यांना पिवळं दिसलं. अगदी फिकं, लोण्यासारखं, पण पिवळं. नमुन्यात ते पांढरं होतं. पाकळ्यांना रंगच नव्हता. कागद कोरा सोडून फक्त राखाडी सावली दिलेली होती.

त्यांना आधी काही वाटलं नाही, आणि त्याला कारण होतं. पिवळा हात आबांचा. म्हणजे मुळात तो त्यांचा नव्हता. टेबलाच्या डाव्या अंगाला एक रिकामी खुर्ची आहे, तिथे त्यांची मुलगी, धाकटी, बसायची. अकरा वर्षांपूर्वी ती उठून गेली, तेव्हापासून आबांनी पिवळा कुणाला दिला नाही. ठिपकीनं एकदा मागून पाहिला, तर आबा म्हणाले की आधी नाक पुसायला शीक. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. तर सूनबाईंना वाटलं, आबा शेवटी सावकाश पिवळा देतील. दादालाही तेच वाटलं. ठिपकीलाही. मग मंगळवारी संध्याकाळी आबांनी गठ्ठा ओढला, एकेक कागद उलटा केला आणि एकशे वीस वेळा ‘पाहिलं’ लिहून मोकळे झाले.

त्या संध्याकाळी तिघं स्वयंपाकघरात जमले आणि एकमेकांकडे बघत बसले. दादा म्हणाला, नमुन्यात असेल ते असतं आणि नसेल ते नसतं, आपण कोण बोलणारे. हे तो नेहमीच म्हणतो. दादा कुणाच्या अध्यात नसतो आणि मध्यातही नसतो. ठिपकी म्हणाली, आजोबांना सांगायचं तरी कसं, मागे ज्यानं सांगितलं तो या घरात राहिला का. सूनबाईंनी उठून एक पत्र लिहिलं आणि स्वतः जाऊन टाकून आल्या. पत्रात एवढंच होतं: वन्सं, शेवटच्या पानासाठी या. पिवळ्याचं काम आहे.

*

धाकटी साडेअकराला दारात उभी राहिली तेव्हा दादा छापखान्याच्या चाकाला तेल घालत होता. बहिणीला बघून त्याला इतका आनंद झाला की तेलकट हातानंच त्यानं तिच्या पाठीवर थाप मारली, आणि तिच्या चांगल्या कपड्यावर पाच बोटं उमटली. ती म्हणाली, नशीब, घर आहे तसंच आहे.

ती दुसऱ्या गावी शाळेत चित्रकला शिकवायची. आई गेली तेव्हा आली होती, भाची आजारी पडली तेव्हा आली होती. पण पुढच्या खोलीत बसायची, चहा घ्यायची आणि जायची. जिना चढून वर ती अकरा वर्षांत गेली नव्हती. आबांनीही तिला कधी वर बोलावलं नव्हतं. दोघंही एकाच मातीची, त्यामुळे पुढाकार कुणी घ्यायचा यातच वर्षं गेली.

दादानं तिला यंत्राच्या आडोशाला नेऊन सगळं सांगितलं, आणि बेतही सांगितला. बेत असा, की आबा जेवून तासभर झोपतात. तेवढ्यात कागद खाली आणायचे, तिनं फिक्या पिवळ्याचा एक हात सगळ्या पाकळ्यांवर फिरवायचा, आणि गठ्ठा परत वर ठेवून द्यायचा. तिचा हात वेगवान, अर्ध्याअधिक कागदांचं काम झोपेत उरकेल, उरलेले बाई चहा घेत असताना. पिवळा इतका फिका की आबांना तो दिसणार नाही, बाईंना मात्र दिसेल. कुणाला ताकास तूर लागणार नाही. हे सांगताना दादा स्वतःवरच खूश झाला, कारण आयुष्यात त्यानं आखलेला हा पहिलाच बेत होता.

ठिपकी मधेच खाली आली आणि तिलाही तो पसंत पडला. ब्रश धुऊन ठेवलेत आत्या, ती म्हणाली. सूनबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पत्र त्यांनी लिहिलं होतं ते याचसाठी, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

धाकटीनं छपाईतून उरलेला, बिनरंगाचा एक कागद उचलून उजेडात धरला. किती तरी वेळ ती नुसती रेषा बघत राहिली. देठाचा बाक, कळीची जड मान, एका पानाची दुमडलेली कड. म्हाताऱ्याचा हात अजून तसाच, तिच्या मनात आलं. मग तिनं कागद खाली ठेवला.

“मी हे करणार नाही, दादा.”

दादाला वाटलं, जुना राग. त्यानं समजूत घालायला सुरुवात केली, की अगं ते आता म्हातारे झाले, सोडून दे. पण ती रागावलेली नव्हतीच. तिनं सगळं उलगडून सांगितलं. अकरा वर्षांपूर्वीच्या त्या भांडणाची घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी होती, की धाकटीचा रंग बरोबर होता आणि आबांचा नमुना चुकीचा, तरी आबांनी हट्टानं तिची साठ पानं शेगडीत घातली. तिनंही ती तशीच सांगितली होती, सगळ्यांना, वर्षानुवर्षं. पण त्यात एक गोष्ट ती गाळायची. आबा दुपारी झोपले असताना ती फळीपलीकडे गेली होती, फूल बघितलं होतं आणि त्यांना न विचारता साठ पानं रंगवली होती.

“रंग बरोबर होता,” ती म्हणाली. “पण ते झोपलेले असताना केलं होतं. आता पुन्हा तेच करायला तुम्ही मला इतक्या लांबून बोलावलंत?”

ठिपकी नखानं यंत्रावरची शाई खरवडत राहिली. सूनबाईंना मनातून वाटलं, की पत्र लिहिलं तेव्हा आपण वन्संना ओळखत होतो त्यापेक्षा ही बाई वेगळी आहे, आणि बरी आहे. मग दादानं जे सगळ्यांना विचारायचं होतं ते विचारलं: मग सांगणार कोण? त्यावर चौघंही चार दिशांना बघायला लागले, आणि तेवढ्यात वरून आबांची हाक आली की जेवायला कुणी वाढणार आहे की नाही.

*

आबांनी मुलीला बघितलं आणि म्हणाले, “आलीस?”

ती म्हणाली, “आले.”

अकरा वर्षांचं भांडण तिथे मिटलं, असं म्हणायला हरकत नाही. या घरातली माणसं अशीच आहेत. लांबलचक माफीनामे त्यांना झेपत नाहीत.

जेवताना आबांना कंठ फुटला होता. त्यांनी धाकटीच्या पानात स्वतः दोनदा वाढलं, शाळेतली मुलं रेषा नीट काढतात का ते विचारलं, आणि ती म्हणाली की नाही, तेव्हा त्यांना फार समाधान वाटलं. ठिपकीची थट्टा केली. खिडकीच्या काचा पुसल्या जात नाहीत म्हणून दादाला झापलं, पण लटकंच. गेली दोन वर्षं त्यांची ही तक्रार होती. काचा मळक्या, दिव्यांत दम नाही, कागदवाला हल्ली पिवळट कागद देतो. दादा दर आठवड्याला काचा पुसायचा आणि दर आठवड्याला त्या आबांना मळक्याच दिसायच्या.

आज मात्र आबांना त्याचंही काही वाटत नव्हतं. पुस्तक संपलं होतं. पहिल्या खंडाच्या वेळी ते चव्वेचाळीस वर्षांचे होते आणि बाईंचे केस काळे होते. आणि शेवटचं पान असं उतरलं होतं, की त्यांनी स्वतःशी कबूल केलं होतं, याहून पांढरं फूल आपल्या हातून झालेलं नाही. पांढरं फूल सगळ्यांत अवघड. त्याला रंग देता येत नाही, फक्त सावली देता येते, आणि बाकीचं काम कागदावर सोपवावं लागतं. एकच गोष्ट त्यांना कळली नव्हती. असलं पांढरं फूल गावाबाहेरच्या प्रत्येक ओहोळाच्या काठी उगवतं. त्यासाठी बाई आठ वर्षं का थांबल्या? बाई कधी रंग सांगत नसत. सांगितला की चित्रकार सांगितलेला रंग काढतो, दिसलेला नाही, असं त्यांचं म्हणणं. या वेळी तर कुंडी पाठवताना त्यांनी नुसता निरोप दिला होता, की शेवटचं आहे, बघा काय दिसतं. आबांनी विचार करून ठरवलं होतं, की वय झालं, बाई हळव्या झाल्या असतील.

जेवण झालं. आबा झोपायला गेले नाहीत.

“वर चल,” ते धाकटीला म्हणाले. “पान दाखवतो.”

*

तर ती जिना चढली. बाकीचेही पाठोपाठ चढले, कारण खाली थांबवेना. टेबल तसंच होतं. चिनी मातीच्या वाट्या, पाण्याचे बुटके पेले, ब्रश पुसायची फडकी, आणि डाव्या अंगाला तिची खुर्ची. खुर्चीवर धूळ नव्हती. ती कोण पुसतं हे विचारायची गरज नव्हती. सूनबाई खाली मान घालून आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

आबांनी वरचा कागद काढून मुलीच्या हातात दिला आणि स्वतः मागे हात बांधून उभे राहिले, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखे. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला असं उभं राहिलेलं बघून धाकटीचा धीरच खचला. खाली यंत्राच्या आडोशाला ती मोठं बोलून आली होती. इथे तिनं रेषेचा आधार घेतला.

“रेषा फार सुंदर आहे, आबा.”

“रेषेचं मला माहीत आहे. रंग?”

ती कागदाकडे बघत राहिली. दादानं ठिपकीकडे बघितलं, ठिपकीनं छताकडे.

“आबा, फूल पिवळं आहे.”

हे बोलल्या सूनबाई. बावीस वर्षांत त्यांनी या टेबलावर नमुन्याबद्दल एक शब्द काढला नव्हता, हिरवा किती पातळ करू एवढंसुद्धा विचारलं नव्हतं. आबांनी त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू टेबलच बोललं.

ते फळीपलीकडे गेले, कुंडी उचलून खिडकीच्या कठड्यावर ठेवली, आणि वाकून फुलाकडे बघितलं. सावकाश सरळ झाले.

“पांढरं आहे,” ते म्हणाले. पण आवाज मगाचचा नव्हता.

मग त्यांनी एकेकाला विचारलं. दादानं पायाकडे बघत सांगितलं, पिवळं आहे. ठिपकी म्हणाली, फिकं आहे आजोबा, पण पिवळंच. आबांनी हात वर करून तिला थांबवलं आणि मुलीकडे वळले.

“तू सांग. तू मला कधी बरं वाटावं म्हणून बोलली नाहीस.”

“पिवळं आहे, आबा.”

आबांनी एक कोरा कागद घेतला आणि फुलाच्या मागे धरला. जवळ नेला, लांब नेला. कडेला धरला. कागद आणि पाकळी, पाकळी आणि कागद. त्यांना दोन्ही एकच दिसत होतं. मळक्या काचा, दम नसलेले दिवे, पिवळट कागद. दोन वर्षांच्या तक्रारी एकेक करून त्यांच्या मनात परत आल्या आणि त्यांना कळलं की काचा स्वच्छ होत्या. ते आपल्या खुर्चीत बसले. त्यांना वाईट वाटलं ते आधी डोळ्यांचं नव्हे, काचांसाठी दादाला ऐकवलेल्या बोलण्याचं.

“कधीपासून माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“मंगळवारपासून,” सूनबाई म्हणाल्या. “पिवळा तुमचा हात. वाटलं, शेवटी द्याल. मग तुम्ही मागे लिहून टाकलंत.”

“आणि तुम्ही कुणी बोलला नाहीत.”

उत्तर आबांना नकोच होतं. फळी त्यांनीच उभी केली होती. तीस वर्षं ते या माणसांना शिकवत आले, की फूल बघायचं नाही, आणि ही माणसं शिकली. दोष द्यायचा तर कुणाला. मग त्यांच्या मनात दुसरी धास्ती आली आणि ते धाकटीला म्हणाले, मागच्या दोन वर्षांची पानं काढ, त्यातले पिवळे बघ.

तिनं फडताळातून गठ्ठा काढून एकेक पान नीट पाहिलं. आबा तिच्या तोंडाकडे बघत होते. तिनं शेवटचं पान खाली ठेवलं आणि सांगितलं, की पिवळे बरोबर आहेत, जरा भडक झालेत इतकंच.

“किती भडक?”

“झाडं तब्येतीनं सुधारल्यासारखी दिसतात.”

ठिपकी फिसकन हसली आणि तिनं लगेच तोंडावर हात धरला. आबांनी तिच्याकडे रोखून बघितलं. मग त्यांच्याही मिशीखाली काहीतरी हललं.

*

बाई चाराला पाच मिनिटं असतानाच आल्या. त्या नेहमीच पाच मिनिटं आधी येतात आणि उशीर झाला म्हणून माफी मागतात. हातात काठी, दुसऱ्या हातात भिंग, आणि डाव्या कानाला ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांना उजवीकडे बसायचा हुकूम. दादानं खालीच सारवासारव करायचं ठरवलं होतं. बाईंना चहात गुंतवायचं, पानं वाळायची आहेत असं काहीतरी सांगायचं. पण आबा स्वतः जिना उतरून दारापर्यंत आले.

“बाई, पान चुकलंय,” ते म्हणाले. “मला पिवळं दिसत नाही. फूल मी पांढरं केलं.”

बाईंनी उजवा कान पुढे केला, आणि आबांना ते सगळं पुन्हा एकदा, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं सांगावं लागलं. ते त्यांनी सांगितलं. सूनबाईंना नंतर नेहमी वाटायचं, की सासऱ्यांचा अभिमान आपल्याला आयुष्यात सर्वांत जास्त वाटला तो त्या दुसऱ्या वेळी.

वर येऊन बाईंनी भिंगातून पान बघितलं. मग त्यांनी कुंडी बघितली. त्या हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. पांढरं असतं तर मी आठ वर्षं कशाला थांबले असते, एवढंच म्हणाल्या. हे फूल त्यांना टेकडीमागच्या उतारावर एकदाच सापडलं होतं, पांढऱ्यांच्या घोळक्यात एकटं, आणि त्याचं बी रुजवून ते पिवळंच राहतं का हे बघायला आठ वर्षं गेली. तीस वर्षांच्या कामात ही एकच गोष्ट अशी होती, जी त्यांच्याआधी कुणी पाहिली नव्हती. बाइंडर उद्या सकाळी कागद न्यायला येणार होता. बाईंचं वय एक्याऐंशी. पुढच्या वसंताची वाट बघायला त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती.

“पांढरं चालणार नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या. “बाकी काहीही चाललं असतं.”

तेव्हा धाकटीनं विचारलं, “आबा, मी देऊ का?”

एवढंच. या चार शब्दांसाठी ती अकरा वर्षं जिन्याच्या खाली बसली होती, आणि तिलाही ते आत्ता कळलं. आबांनी मान हलवली. नुसती होकाराची. मग ते उठले, आणि जे कुणी अपेक्षिलं नव्हतं ते त्यांनी केलं. फळीच्या दोन्ही बाजूंच्या खुंट्या काढल्या, ती उचलली आणि भिंतीला टेकवून ठेवली. कुंडी उचलली आणि टेबलाच्या मधोमध आणून ठेवली.

“बघा सगळे,” ते म्हणाले. “आणि कुणाला माझ्याहून वेगळं दिसलं, तर चहाच्या आधी सांगायचं.”

माझ्या, नमुन्याच्या खुर्चीवर बस, असंही ते मुलीला म्हणाले. ती बसली नाही. डाव्या अंगाच्या आपल्या खुर्चीत बसली, ठिपकीनं धुऊन ठेवलेला ब्रश घेतला, आणि वाटीत पिवळा उतरवायला लागली. थेंब टाकला, बघितलं, पाणी वाढवलं. फुलाकडे बघितलं, पुन्हा पाणी. पहिला कागद हाच आता नमुना. पाकळ्यांवरून तिचा हात फिरला आणि राखाडी सावल्यांना हिरवट झाक आली, फिक्या पिवळ्या फुलात असते तशीच. सूनबाई पुढे वाकून बघत होत्या. सावली चुकलेली नव्हती, देठ चुकला नव्हता, पानांचा हिरवा चुकला नव्हता. एकशे वीस कागदांत फक्त एक हात कमी होता.

पण इतका पातळ रंग कोरड्या कागदावर सारखा बसत नाही, डाग पडतात. आधी पाकळी नुसत्या पाण्यानं ओलवावी लागते. पाण्याचा हात म्हणजे या टेबलावरची सगळ्यांत खालची जागा, शिकाऊ माणसाची. ठिपकी पुढे होत होती, तर आबांनी तिला हातानंच मागे सारलं आणि धाकटीच्या शेजारचं स्टूल ओढलं.

“पाण्याला कुठे रंग असतो,” ते म्हणाले. “ते मला जमेल.”

मग काम सुरू झालं. आबा ओलवायचे आणि कागद डावीकडे सरकवायचे, धाकटी पिवळा द्यायची, ठिपकी कागद घेऊन दोरीवर लावायची. दादा दोऱ्या वाढवत होता. सूनबाईंनी बाईंना उजव्या कानाच्या बाजूनं गप्पांत घेतलं आणि दोनदा चहा दिला. आबांच्या ब्रशचं पाणी पाकळीच्या कडेपर्यंत जायचं आणि बरोबर तिथेच थांबायचं, केसभरही बाहेर नाही. असा पाण्याचा हात या टेबलानं आजवर पाहिला नव्हता. मधे एकदा आबा म्हणाले, की शिकाऊ माणसाला स्टूल फार उंच आहे, आणि ठिपकी म्हणाली की मी चार वर्षं हेच सांगत होते.

पहिला कागद वाळला तेव्हा धाकटीनं सवयीनं तो उलटा करून आबांसमोर ठेवला. कोपऱ्यात मंगळवारचं ‘पाहिलं’ होतं. आबांनी खोडरबर उचललं.

तिनं त्यांचं मनगट धरलं. “राहू द्या.”

“खोटं आहे ते.”

“राहू द्या, आबा.”

आबांनी खोडरबर खाली ठेवलं, खिशातली पेन्सिल काढली आणि तिला दिली. तीस वर्षं ती पेन्सिल त्यांच्या खिशातून दुसऱ्या कुणाच्या हातात गेली नव्हती. धाकटीनं कागद सुलटा केला, फुलाकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, पुन्हा फुलाकडे. मग मागे, त्यांच्या अक्षराखाली, आपल्या अक्षरात लिहिलं.

उजेड होता तोवर एकशे वीस पानं पुरी झाली. खोलीभर दोऱ्यांवर फुलं लटकली होती. बाई काठी टेकत त्यांच्या खालून फिरून आल्या, एका पानापाशी थांबल्या, भिंग लावलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते त्यांनी लपवलंही नाही. आबा त्यांच्या शेजारी उभे होते. त्यांना वर बघितलं की सगळी फुलं पांढरीच दिसत होती. पण बाईंचं तोंड त्यांना स्पष्ट दिसत होतं, आणि मुलीचंही, आणि त्यांना बरं वाटलं.

बाईंनी पान दोरीवरून काढून उलटं केलं.

“दोनदा कसं हो लिहिलंय?”

“वरचं माझं आहे,” आबा म्हणाले. “ते धरू नका.”